पहिल्या धारेचं पाणी

कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगत होते तेव्हा एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला, आणि तिच्या सासूबाईंनी तेव्हापासून मला घरी बोलावलेलं नाही. तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, खुशाल हसा. फक्त एवढं लक्षात असू द्या की हे घडलं त्या दिवसांत मी हसत नव्हते. मी घाबरत होते. दुसरा उद्योगच नव्हता म्हणा ना. उठले की घाबरायचं, जेवले की घाबरायचं, आणि मधल्या वेळात पाणी गाळायचं.

हां, हा शब्द धरून ठेवा. गाळायचं. सगळा घोटाळा तिथेच आहे.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात. वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळे माझं शिक्षण लांब लांब झालं. शाळा डेहराडूनला वसतिगृहात, कॉलेज मद्रासला. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास केला आणि पदवी हातात पडल्यावर डोक्यात एकच वेड शिरलं. परत जायचं. आपल्या गावी, आपल्या खाडीवर. आपली मुलं चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या खातात, कालवं खातात, चिंबोऱ्या खातात; पण हे जीव जिवंत असताना काय करतात, हे त्यांना कुणी दाखवलंय का? शाळेच्या वऱ्हांड्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवायची, तिच्यात खाडीतलेच जीव सोडायचे, मुलं त्यांच्याकडे बघत मोठी होणार आणि मग खाडी वाचणार, देश घडणार. एका टाकीकडून माझ्या एवढ्या अपेक्षा होत्या.

दुसरं वेड पहिल्यापेक्षा वाईट. इतकी वर्षं परप्रांतात काढल्यामुळे मी शपथ घेतली होती की गावात पाय ठेवल्यावर इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही. गावातली माणसं बिनदिक्कत टाइम, लाइट, शिफ्ट, कंपनी म्हणत होती. मी त्यांना वेळ, वीज, पाळी, कारखाना असं म्हणून दाखवत होते. माझे नानाकाका रोह्याजवळच्या एका कंपनीत कामाला, राहायला तिथल्याच अष्टमी गावात. त्यांच्या घरी पाहुणे बसलेले असताना मी विचारलं, "काका, तुमची पाळी कधी संपते?" काका उठले आणि बराच वेळ रेडिओची पेटी पुसत बसले.

तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण नाही.

आमचं मूळ गाव पेण तालुक्यात. कासूला गाडीतून उतरायचं आणि खाडीच्या दिशेने चालत सुटायचं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं, मधून खारं पाणी अडवणारा बांध. गावात माझी ताराआत्या राहायची. बारीक अंगाची, पण आवाज असा की पलीकडच्या गावातली कुत्री गप्प व्हायची. गावच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. मी तिच्याकडे मुक्काम ठोकला आणि शाळेच्या हेडसरांना जाऊन भेटले.

हेडसर सावध माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की टाकी फुटली, पाणी सडलं किंवा मासे मेले, तर पालक त्यांच्याकडे येतील, माझ्याकडे नाही. म्हणून आधी दुसरीकडे करून दाखवा. पाणी नितळ राहिलं, मासे जगले, तर वऱ्हांडा तुमचा. तोवर कुठे गवगवा नको. इकडे वडिलांचंही पत्र आलं होतं की पावसाळ्यापर्यंत तुझं काय ते कर, नाहीतर गुपचूप नागपूरला ये आणि बँकेच्या परीक्षेला बस.

म्हणजे माझं गावात राहणं आता त्या पाण्यावर ठरणार होतं. आणि खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे काय प्रकरण असतं, हे ज्याने लावली आहे त्यालाच कळेल. गोड्या पाण्याचे मासे बिचारे काहीही सोसतात. खाऱ्या पाण्यातले नाही. त्यांच्याच घाणीतून पाण्यात विष तयार होतं. ते विष खाणारे बारीक जीवाणू वाळूत आधी वाढवावे लागतात, आणि मासे सोडायच्या आधी त्यांना वाढवायचं म्हणजे त्यांना खायला घालायचं. काय घालायचं? अमोनियम क्लोराइड.

आता हा शब्द मी कशी उच्चारणार? मी शब्दकोश काढला. मराठी शब्द सापडला: नवसागर. काय सुंदर शब्द! नवा सागर! मला तर तो माझ्या टाकीसाठीच घडवल्यासारखा वाटला.

पेणच्या बाजारात जाऊन मी एका किराणा दुकानदाराला अभिमानाने म्हटलं, नवसागर द्या.

त्याने विचारलं, कल्हई लावता का?

"नाही. पाण्यात घालून मुरवायचाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काळा गूळ पण बांधू का?"

मी म्हटलं, गूळ नको, नुसता नवसागर द्या, आणि आवडला तर पुन्हा येईन. त्याने पुडी वर्तमानपत्रात तीनदा गुंडाळली आणि परत कधी येताना मागच्या दाराने या म्हणाला. मला वाटलं, काय अगत्यशील माणसं आहेत पेणची.

तुमच्यापैकी जे हसताय त्यांना कळलं. ज्यांना नाही कळलं ते माझ्यासारखेच लांब कुठेतरी शिकलेले. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात मुरवला की हातभट्टीची दारू होते, आणि ती दारू करण्याला आपल्याकडे म्हणतात... बरोबर. गाळणे.

मला हे माहीत नव्हतं. डेहराडूनला नव्हतं कुणी शिकवलं.

आत्यालाही मी खाडीवर अभ्यासाला जाते एवढंच सांगितलं, आणि जागा मिळाली नानाकाकांच्या कृपेने. मिठागराच्या टोकाला त्यांचं मीठ साठवायचं जुनं कोठार होतं. जाड भिंती, एक दार, आतून लोखंडी अडसर. त्यांनी किल्ली दिली आणि कंपनीतून सुटणारी दोन निळी पिंपंही मिळवून दिली. मी ती रोह्याहून पॅसेंजर गाडीने कासूला आणली. पिंपांत पूर्वी कसलं रसायन होतं हे काकांनाही सांगता येत नव्हतं, त्यामुळे ती मी इतक्या वेळा धुतली की माझ्या हातांची सालं निघाली. तरी भीती जाईना. एक थेंब राहिला असेल तर? टाकी पेणला काचवाल्याकडून सांधून आणली होती. तिच्या सांध्यांचीही भीती. मी सकाळी येऊन सांध्यावरून बोट फिरवायची आणि दिवसभर ते बोट पाण्याने ओलं झालं की घामाने, याचा विचार करायची.

एका पिंपात भरतीचं पाणी नितळायला ठेवायचं. मग ते दुसऱ्या पिंपातून सोडायचं, त्यात थरावर थर: रेती, शिंपल्यांचा चुरा, लाकडी कोळसा, वर फडकं. खालच्या नळीतून जे येईल ते टाकीत. टाकीत वाळूखाली जाळी आणि वायुपंप, दिवसभर बुडबुड, बुडबुड. रेती धुऊन उकळायला बाहेर तीन दगडांची चूल. शिंपल्यांत थोडं मांस राहून गेलं होतं, त्याला असा वास सुटला की बांधावरून जाणारी म्हैस थबकली. उरलेल्या नळीचं वेटोळं करून मी खुंटीला टांगलं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत असेल, हा विचार मी आज करते.

एके दिवशी दुपारी दारात दत्तू उभा. दत्तू म्हणजे मिठागरावर काम करणारा, चांगला माणूस, फक्त संध्याकाळनंतर उभा सापडायचा नाही. त्याने आत डोकावून पाहिलं, खोल श्वास घेतला आणि विचारलं, "ताय, काय चाललंय गो?"

माझ्या कामाबद्दल आपणहून विचारणारा गावातला पहिला माणूस! हेडसरांची गवगव्याची ताकीद मी एका क्षणात विसरले.

"पाणी गाळते," मी म्हटलं. "नवसागर घालून मुरवायचं, मग पुन्हा गाळायचं."

दत्तू उंबऱ्यावर बसला. "आनि पयल्या धारेचा कुनाला देतंस?"

"पहिल्या धारेचं फेकून देते. त्यात फार घाण असते."

त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी आजही विसरलेले नाही. "फेकतंस?" तो अगदी हळू म्हणाला. "पयल्या धारेची?" जरा वेळाने सावरून त्याने विचारलं, तयार कधी व्हईल.

मी त्याला समजावलं की घाई करून भागत नाही. कच्चं राहिलं तर जीव जातील, आणि माझ्या हातून एकाचाही जीव गेलेला मला सहन होणार नाही. मी माशांबद्दल बोलत होते. दत्तूने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला की आजवर गावात किती आले, किती गेले, पण आमच्या जिवाची एवढी काळजी कुणी केली नाय. वर शब्द दिला की त्याच्या आणि त्याच्या मंडळींच्या तोंडून आत्याला एक अक्षर कळायचं नाही.

मला वाटलं, हेडसरांची इच्छा याला कशी कळली? काय समज आहे या साध्या माणसांना!

त्यानंतर गावातली काही मंडळी मला फार आदराने वागवू लागली. रस्त्यात बाजूला व्हायची. "ताय, मुरलं का?" विचारायची. मी म्हणायची, अजून थोडे दिवस. वडिलांना मी लिहिलं की गावात विज्ञानाची तहान आहे.

आता भीतीचा खरा भाग.

महिला मंडळाची बैठक भरली शाळेच्या वऱ्हांड्यात. आत्याने उभं राहून सांगितलं की खाडीकाठी कुणीतरी भट्टी लावली आहे. गावातल्या पुरुषांची लक्षणं तिला ठीक दिसत नव्हती. म्हणे सगळे कसल्यातरी आशेवर असल्यासारखे खुशीत आहेत. मग एकेक बाई उठून माहिती देऊ लागली. रोह्याहून टेम्पो भरभरून पिंपं येतात. पेणच्या एका दुकानातून मागच्या दाराने माल निघतो. मिठागरांच्या बाजूला धूर दिसतो. म्होरक्या बाहेरगावचा आहे, शिकलेला आहे, आणि कच्चा माल विकत नाही इतका पक्का आहे. एकीने सांगितलं की त्याच्याबरोबर एक बाईही आहे, ती तर त्याच्याहून भयंकर.

 मिठागरं? तिथे तर मी एकटी जाते!

तरीही, किंवा घाबरले होते म्हणूनच, मी उठले आणि भाषण ठोकलं. हा म्होरक्या कोणीही असो, कितीही शिकलेला असो, त्याला मी स्वतः पकडून देईन, त्याचं शिक्षण वाया गेलेलं आहे, असल्या माणसाला या गावात राहायचा अधिकार नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हेडसर खिडकीतून ऐकत होते, त्यांनीही वाजवल्या. आत्याने तिथल्या तिथे मला मंडळाची चिटणीस केलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. म्होरक्याच्या कानावर माझं भाषण गेलं असणारच. मी बॅगेत मिरचीपूड घेऊन हिंडू लागले. बांधावर उभी राहून धूर शोधायची, पण माझ्याच चुलीचा धूर डोळ्यांत जायचा आणि काही दिसायचं नाही. मग एका सकाळी कोठाराभोवतीच्या चिखलात पावलं दिसली. पुरुषांची. बरीच. खिडकीखाली विड्यांची थोटकं. आणि उंबऱ्यावर एक रिकामा ग्लास, पालथा घातलेला.

ग्लास! तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय लावायचा? मी लावला की ही धमकी आहे. टोळ्यांची अशी काहीतरी खूण असते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दत्तूची मंडळी वास घ्यायला येऊन जात होती आणि त्यातल्या कुणीतरी आपला नंबर लावून ठेवला होता, हे मला कोण सांगणार?

मी तडक पेण गाठलं आणि हवालदारांना सगळं सांगितलं. पावलं, थोटकं, ग्लास, धमकी. त्यांनी विचारलं, भट्टी नक्की कुठे असेल? मी म्हटलं, मिठागराच्या टोकाला तिवरांचं रान आहे ना, त्यातच असणार, आमच्या कोठाराच्या अगदी पलीकडे. मी तिथे काय करते हे मात्र सांगितलं नाही, कारण हेडसरांची ताकीद आता मला आठवली होती.

हवालदारांनी आत्याला निरोप पाठवला. ठरलं. शुक्रवारी दुपारी धाड घालायची, पुढे महिला मंडळ, मागे पोलीस. घोषणा देत सगळ्यांच्या पुढे कोण चालणार? चिटणीस.

गुरुवारी मी टाकीत पहिल्या निवट्या सोडल्या होत्या. पाण्यात विष किती ते दाखवणाऱ्या परीक्षणसंचातलं पाणी पहिल्यांदा हवं त्या रंगाचं आलं होतं. निवट्या दगडावर चढून डोळे वटारून बसल्या, आणि त्या दिवशी मला क्षणभर वाटलं की सगळं ठीक होणार आहे.

शुक्रवारी सकाळी वीज गेली.

वायुपंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही. हवा नाही म्हणजे जीवाणू मेले, निवट्या मेल्या, वऱ्हांडा गेला, नागपूर आलं. मी आत्याला म्हटलं की माझ्या पोटात दुखतंय, मला धाडीला जमायचं नाही. तुम्ही विचाराल, गुपित फोडून सरळ विजेचं का नाही सांगितलं? कारण विजेचं कारण खरं होतं पण पुरं नव्हतं. पुरं कारण असं की तिवरांतून तो म्होरक्या आणि ती भयंकर बाई पळत सुटतील, तेव्हा सगळ्यात पुढे उभी असलेली चिटणीस व्हायची माझी तयारी नव्हती. त्याउलट कोठाराच्या भिंती जाड होत्या. आतून अडसर होता. धाड संपेपर्यंत याहून सुरक्षित जागा पंचक्रोशीत नव्हती.

आत्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पडून ऱ्हा गो. तुझ्या वाटणीचं मी बघते."

मी मागच्या वाटेने कोठारात गेले. अडसर घातला. अडसरापुढे पिंप सरकवलं. मग सायकलचा हवा भरायचा पंप वायुनळीला जोडला आणि मारत बसले. फस, फस. बुडबुड, बुडबुड. निवट्या माझ्याकडे बघत होत्या. मी दाराकडे बघत होते.

दुपार कलली आणि बाहेर पावलं वाजली.

एक नाही, दोन नाही, खूप. बांधावरून येऊन ती कोठारापाशी थांबली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आत हाय. आवाज येतोय बघ. चालू हाय."

टोळी! आत्याच्या धाडीला गुंगारा देऊन टोळी माझ्याकडे आली होती. मी पंप मारणं थांबवलं. मग निवट्यांकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. माझ्या दातांचा आवाज पंपापेक्षा मोठा होता. दारावर काहीतरी जड आदळलं, अडसर हलला, पिंपातलं पाणी हिंदकळलं. मिरचीपूड शोधायला बॅगेत हात घातला, पुडी फुटलेली होती, आणि घाबरून तोच हात मी डोळ्याला लावला. आता मला दिसतही नव्हतं.

जेवढा होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून मी ओरडले, "मी एकटी नाही आहे! आत्ता इथे महिला मंडळ येतंय!"

बाहेरची आदळआपट थांबली.  मग ओळखीचा आवाज आला.

"महिला मंडळच हाय गो, मंजू. दार उघड."

पिंप कसं सरकवलं, अडसर कसा काढला, मला आठवत नाही. दारात आत्या, हातात मुसळ. तिच्यामागे सगळ्या बायका, हवालदार, गोंधळ नको म्हणून सोबत आलेले पण गर्दीत दाराबाहेरच अडकलेले हेडसर, आणि सगळ्यात मागे गंभीर चेहऱ्याने दत्तूची मंडळी. तिवरांचं रान अख्खं पालथं घालून, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून, सगळे वासाच्या मागावर इथे आले होते.

आत्याने पिंपं पाहिली. कोळशाची पोती पाहिली. खुंटीवरचं नळीचं वेटोळं पाहिलं. फळीवरचा नवसागर पाहिला. मग माझे लालभडक, पाणी गळणारे डोळे पाहिले. तिने मुसळ या हातातून त्या हातात घेतलं.

"हे काय करतंस?" तिने शेवटी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "पाणी गाळते."

बायकांमधून एक हुंकार गेला. एकीने पदर तोंडाला लावला. हवालदारांनी पट्टा सारखा केला. सापडलेलं रसायन जागच्या जागी ओतून टाकायचं असतं असं म्हणत ते पहिल्या पिंपाकडे वळले आणि त्यांनी ते कलंडवलं. माझं नितळलेलं भरतीचं पाणी आत्याच्या पायांवरून बाहेर वाहून गेलं. मग दुसऱ्या एका बाईने आपल्या हातातलं मुसळ उचललं आणि ती टाकीकडे निघाली.

मी टाकीला मिठी मारली. शब्दकोश, शपथ, मायबोली, सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं, आणि तोंडातून जे निघालं ते असं: "प्लीज! स्टॉप! फिल्टर! फिल्टर आहे तो! फिश टँकचा फिल्टर!"

मुसळ हवेत थांबलं.

"फिल्टर?" आत्या म्हणाली.

"फिल्टर," मी रडत म्हटलं.

"मासं ठेवायच्या टँकचा?"

मी मान हलवली. आत्याने आपलं मुसळ जमिनीवर टेकवलं आणि कपाळावर हात मारला. "मग तसं आधी मराठीत सांगायचंस ना गो!"

बायका पुढे सरकल्या. टाकीत डोकावल्या. दगडावर बसलेल्या निवट्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. कुणीतरी म्हणालं की अगो, या तर निवट्या, आणि कोठारात जो हशा पिकला त्याने कोपऱ्यातलं उरलंसुरलं मीठही हललं असेल. हवालदारांनी कायद्याला धरून दुसऱ्या पिंपात बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकले. मग पुढे आत्या झाली. ओंजळीत पाणी घेऊन तिने तोंडात घेतलं, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला, "खारट हाय. पोर खुळी हाय, पन भट्टीवाली नाय."

दत्तू शेवटी पुढे आला. त्याने पाणी चाखलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं, विश्वासघात झालेल्या माणसासारखं, आणि आपली मंडळी घेऊन बांधावरून निघून गेला.

हवालदारांना मात्र प्रकरण मिटवायचं कसं ते कळेना. त्यांनी विचारलं, खबर कुणी दिली होती? मी म्हटलं, मी. भट्टी समजून धाड कुणावर पडली? मी म्हटलं, माझ्यावर. म्होरक्याला पकडून देईन असं भाषण कुणी केलं होतं? आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "म्हंजे हिच्यापासून हिलाच संरक्षण द्यायचं का?" तेवढ्यात वीज आली, वायुपंप बुडबुडू लागला, आणि त्या आवाजाने सगळ्यात जास्त मीच दचकले.

हेडसर एव्हाना आत शिरून टाकीपाशी वाकून उभे होते. चष्मा काढून, पुसून, परत लावून त्यांनी पाणी पाहिलं, निवट्या पाहिल्या.  भट्टी नव्हती हे ठीक, पण एका पिंपातलं पाणी गेलं होतं, गावभर तमाशा झाला होता, आणि गवगवा नको म्हणणाऱ्या माणसासमोर मी पोलिसांसकट गवगवा उभा केला होता. नागपूरची गाडी मला डोळ्यांपुढे दिसू लागली होती.

ते सरळ झाले.

"पाणी नितळ आहे," ते म्हणाले. "मासे जिवंत आहेत. सोमवारी टाकी शाळेत आणा."

मी आनंदाने तोंड उघडलं. त्यांनी लगेच हात वर केला.

"एकच अट आहे. पोरांना काय समजवायचं ते मी समजवीन. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं."